मुरुडशेंग: झाडावर शेंग नसताना कशी ओळखायची

मुरुडशेंग ओळखता येते का असं विचारलं की बहुतेक जण लगेच हो म्हणतात, कारण ती पिळाची शेंग एकदा बघितली की डोक्यातून जातच नाही, आणि ज्यांनी झाड जन्मात बघितलं नाही त्यांनी पण बाळगुटीच्या डबीत हरडा, वेखंडाबरोबर ती पडलेली बघितलेली असते. पण ज्या दिवशी झाडावर शेंग नसते ना, त्या दिवशी हेच सगळे लोक त्याच झुडपाला खेटून पुढे निघून जातात. मी पण गेलोय, आणि एकदा तर ग्रुपमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने धामण नावाच्या झाडाच्या पोराला मुरुडशेंग म्हणून सांगून बसलो होतो, नंतर त्याच फांदीवर पिवळी फुलं आली तेव्हा गप्प बसावं लागलं. तेव्हापासून ठरवलं की शेंग न बघता ओळखायला शिकायचं, आणि ते जमतं, फार अवघड नाहीये, फक्त डोळ्यांच्या आधी बोटं वापरायची सवय लागते.

आधी नावाचं बघून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. मुरुडशेंग, मुरडशेंग, केवण, केवणी ही सगळी एकाच झुडपाची नावं, हिंदीत मरोडफली. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा, हे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. हेलिक्टेरिस मागे ग्रीक शब्द आहे, अर्थ पीळ, म्हणजे त्यालाही फळच दिसलं म्हणायचं. आयसोरा मात्र आपल्या बाजूचा शब्द आहे, सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारातल्या वनस्पतींवर जो भलामोठा ग्रंथ काढला त्यात हे झाड 'इसोरा मुरी' या मल्याळी नावाने आलंय, तिथून ते उचललं गेलं. कुळ आता मालव्हेसी, म्हणजे कापूस, भेंडी, जास्वंदीचं. जुनी फ्लोराची, म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींच्या नोंदींची, पुस्तकं उघडलीत तर तिथे स्टर्क्युलिएसी लिहिलेलं सापडेल, ते चूक नाही, तेव्हा ते कुळ वेगळं धरायचे, आता ते मालव्हेसीतच धरतात. हे कुळपुराण सांगायचं कारण एवढंच की मालव्हेसीच्या दोन खुणा आपल्याला पुढे कामाला येणार आहेत, एक म्हणजे ताऱ्यासारखे केस आणि दुसरी सालीतला वाख, म्हणजे चिवट धागे.

कुठे शोधायचं? पानगळीच्या जंगलात, डोंगरउतारावर, साग, ऐन, धावडा असतो तिथे खालच्या थरात, आणि जिथे जंगल थोडं विरळ झालंय, कधीतरी तोड झालीय किंवा वणवा लागून गेलाय अशा जागी तर जास्तच. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारांवर आहे, कोकणात आहे, मेळघाटात आहे, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर पायवाटेच्या कडेलाच आहे. देशाबाहेर आग्नेय आशियापासून पार ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत सापडतं. उंची साधारण माणसापासून ते दोन माणसांपर्यंत, क्वचित छोटं झाड म्हणावं इतकं वाढतं. बुंधा एकच जाड असा शक्यतो नसतो, बुडापासून चार-पाच फोक निघालेले असतात, आणि कापलं किंवा जळलं तरी परत फुटतं, त्यामुळे गावाजवळच्या रानात खूपदा कमरेएवढंच राहिलेलं दिसतं.

आता पान. मी तर म्हणेन सगळा अभ्यास पानावरच करा, बाकीचं बोनस.

पहिलं काम, पान तोडायचं नाही, फांदीवर असतानाच वरच्या बाजूवरून बोट फिरवायचं, टोकाकडून देठाकडे. मांजराने हात चाटल्यावर कसं लागतं तसं खरखरीत लागतं. मग त्याच पानाच्या खालच्या बाजूला बोट लावा, तिथे मऊ लागतं आणि रंगही फिकट असतो, कारण तिथे केस दाट असतात. हा वर खरखर आणि खाली मऊ असा फरक कोवळ्या पानावर नीट कळत नाही, पूर्ण वाढलेलं पान घ्या, आणि पावसात ओलं असताना तर अजिबात खात्री धरू नका.

दुसरं काम, पानाचं बूड बघायचं. देठापाशी पानाचे दोन खांदे असतात, मुरुडशेंगेत हे दोन खांदे सारखे नसतात, एक जरा खाली उतरलेला, एक वर, थोडंसं बदामाच्या आकाराचं पण तिरकं. एका पानावर फार जाणवलं नाही तर चार पानं बघा, एखाद्यात तरी ठळक दिसतंच. बुडापासूनच साधारण पाच शिरा पंज्यासारख्या फुटतात. देठ आखूड, एक-दोन सेंटीमीटरचा, आणि त्याच्या बुडाशी दोऱ्यासारखी बारीक उपपर्णं असतात पण ती लवकर गळतात, फक्त शेंड्याकडच्या नव्या पानांपाशी सापडतील.

तिसरं, कड आणि टोक. कडेला दाते असतात पण एकसारखे नसतात, लहान मोठे वेडेवाकडे, बोथट कात्रीने घाईघाईत कापल्यासारखे. पान अंडाकृती ते जवळजवळ गोल, पाच ते पंधरा सेंटीमीटर लांब, आणि टोक हळूहळू निमुळतं होत नाही, रुंद पान अचानक संपून त्याला एक छोटी अणकुची येते. काही पानांना शेंड्याकडे खांदे फुटल्यासारखे दोन उथळ खंड पण असतात, आणि एकाच झुडपावर खंड असलेली आणि नसलेली अशी दोन्ही पानं असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर दोन वेगळी झाडं आहेत असं वाटतं. इंग्रजी पुस्तकात या पानाची तुलना हेझलच्या पानाशी केलेली असते, पण आपल्यापैकी कितीजणांनी हेझल बघितलंय, त्यामुळे ते सोडून द्या.

चौथं, दोन पावलं मागे सरकून पूर्ण फांदी बघायची. पानं एकाआड एक असतात पण चारी बाजूंना नाही, फांदीच्या दोन्ही अंगांना दोन ओळींत, त्यामुळे आडवी फांदी चपटी, पंख्यासारखी दिसते. ही खूण लांबूनही चालते आणि मला ती सगळ्यात आवडते.

आता लेन्स असेल तर बाहेर काढा, दहा पट मोठं दाखवणारी साधी हँड लेन्स पुरते, नसेल तर फोनचा मॅक्रो मोड. कोवळ्या फांदीवर नाहीतर पानाच्या खालच्या बाजूला बघा. केस सुटे सुटे सरळ नसतात, एका बिंदूतून चार, पाच, सहा टोकं बाहेर फुटलेली असतात, चांदण्यांसारखी. पहिल्यांदा दिसलं की दहा मिनिटं तिथेच जातात, माझी तरी गेली होती. ताराकृती केस म्हणतात ते हेच, आणि पानाची खरखर येते ती अशाच केसांमुळे.

सालीची खूण झाडाला त्रास न देता बघायची असेल तर वाळून खाली पडलेली किंवा गुरांनी मोडलेली बारीक फांदी घ्या आणि तिची साल सोलायला बघा. तुकडे पडत नाहीत, लांबच लांब पट्टी निघते आणि ती पट्टी हाताने तोडायला गेलात तर बोट कापेल पण पट्टी तुटणार नाही. हाच तो वाख, पूर्वी याचे दोर वळायचे, आणि रानात मोळी बांधायला केवणीची साल काढणारे लोक अजूनही भेटतात. त्यांना विचारलंत तर ते शेंग-बिंग काही बघत नाहीत, लांबूनच सांगतात ही केवण, आणि कशावरून ओळखलं विचारलं तर हसतात.

आता माझी फजिती. धामण आणि तिच्या जातभाई, म्हणजे ग्रेविया गटातली बरीचशी मंडळी, यांची पण बुडं तिरकी असतात, केस पण ताऱ्यासारखे असतात आणि सालीत वाख पण असतो, कारण ती सुद्धा आता मालव्हेसीतच. म्हणजे वरच्या खुणांपैकी एकच खूण धरून निकाल दिलात की फसलात. फरक कशात बघायचा तर कडेच्या दात्यांत, धामणीचे दाते बारीक आणि बऱ्यापैकी एकसारखे असतात, शेंड्याकडे ते खांदे फुटल्यासारखे खंड नसतात, आणि पानाची वरची बाजू इतकी खरखरीत नसते. फूल-फळ असेल तर प्रश्नच नाही, धामणीची फुलं पिवळी, छोटी, झुपक्यात, आणि फळ वाटाण्याएवढं गोल. शिवाय धामणीचं पुढे चांगलं मोठं झाड होतं, गोंधळ होतो तो फक्त तिच्या लहान रोपांशी. वारंग नावाच्या झाडाशी पण लोक गल्लत करतात पण त्याच्या पानाचा देठ चांगला लांब असतो, तेवढं बघितलं तरी भागतं.

फुलांचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो, साधारण जुलै-ऑगस्टपासून, आणि पुढे थंडीच्या सुरुवातीपर्यंत थोडी थोडी येत राहतात. पानाच्या बगलेत एक किंवा दोन-चार फुलं. हे फूल बघायला वेळ काढा कारण रचना भन्नाट आहे. खाली नळीसारखा पुष्पकोश, दीड-दोन सेंटीमीटरचा, जरा चपटा, तोंड तिरकं आणि त्याला पाच लहान-मोठे दात. त्यातून पाच पाकळ्या बाहेर येऊन मागे वळलेल्या, त्या पण एकसारख्या नाहीत, त्यामुळे फूल जास्वंदीसारखं चारी बाजूंनी सारखं दिसत नाही, वरचा ओठ-खालचा ओठ असं दिसतं. आणि मधून एक लांब बाकदार दांडी फुलाच्या खूप बाहेर येते. या दांडीच्या अगदी टोकावर पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही एकत्र बसलेले असतात. शास्त्रात तिला अँड्रोगायनोफोर म्हणतात, शब्द लक्षात नाही राहिला तरी चालेल, दांडी लक्षात ठेवा. टोकावर दहा पुंकेसर आणि मध्ये पाच भागांचं अंडाशय, भिंगातून हे पाच भाग मोजता येतात, आणि पुढे शेंगेत जे पाच पदर होतात ते हेच.

मकरंद खाली नळीच्या बुडाशी आणि परागकण लांब त्या दांडीच्या टोकावर, ही अशी मांडणी का, ते फुलावर शिंजीर पक्षी आला की कळतं. तो चोच खाली नळीत घालतो तेव्हा ते टोक त्याच्या डोक्याला घासतं, आणि तो पुढच्या फुलावर गेला की तिथे परत घासतं. सातभाई पण येतात या फुलांवर, त्यांचा गोंधळ ऐकूनच मान वर जाते. कळ्यांच्या बुडाशी मुंग्यांची ये-जा दिसेल, त्या फुलातल्या मकरंदासाठी नसतात, तिथे बाहेरच गोड रस सोडणाऱ्या छोट्या ग्रंथी असतात, त्यासाठी.

रंगाचं एक सांगायचं राहिलं. ताजं फूल विटकरी-लाल असतं आणि जुनं झालं की तेच फूल निळसर राखाडी होतं, शिशासारखं. एकाच फांदीवर दोन्ही रंग शेजारी-शेजारी. कित्येक जण फोटो टाकून विचारतात की ही लाल जात की निळी जात, तर जात एकच, वय वेगळं.

फूल गळलं की पाकळ्या जातात पण दांडी राहते आणि टोकावरचं अंडाशय फुगायला लागतं, म्हणून शेंग थेट फांदीला चिकटलेली नसते, लांब देठावर असते. या देठाचा खालचा भाग फुलाचा मूळ देठ आणि वरचा भाग ती दांडी, फूल जिथे होतं तो जोड नीट बघितला तर मध्येच सापडतो.

आणि आता एक गोष्ट जी ऐकून जुनी माणसं नाराज होतात, ही शेंग शेंग नाहीच. तुरीची शेंग एकाच कप्प्याची असते आणि वाळली की दोन्ही कडांनी उकलते. इथे पाच वेगवेगळे कप्पे एकमेकांभोवती दोरासारखे वळलेले असतात, प्रत्येक कप्पा म्हणजे एक पेटिकाफळ, आणि तो एकाच बाजूने, आतल्या कडेने उघडतो. तीन ते सहा सेंटीमीटर लांब, जाडी बोटापेक्षा कमी, टोकाला चोच. आधी हिरवी, लवदार, मग तपकिरी होत होत काळपट. पूर्ण वाळली की पीळ सैल पडतो, पदर सुटायला लागतात आणि आतलं बी खाली सांडतं. खाली पडलेली एखादी घेऊन पदर सोडवून बघा, पाचच निघतात. बी दोनेक मिलिमीटरचं, कोनदार, सुरकुतलेलं, काळपट तपकिरी. पोटातल्या मुरड्यावर देतात म्हणून मुरुडशेंग की पिळामुळे नाव आणि नावामुळे पोटावर, हा वाद मी कुणाशी घालत नाही, आणि रानातून तोडून आणून स्वतःच्या मनाने कुणाला, विशेषतः तान्ह्या बाळाला, देऊ नका एवढंच सांगतो.

पीळ दोन्ही बाजूंचा असतो हे फार कमी लोकांनी बघितलेलं असतं. मल्याळममध्ये या झाडाचं नावच इडंपिरी-वलंपिरी आहे, डाव्या पिळाची-उजव्या पिळाची. तपासायचं असं, शेंग डोळ्यांसमोर उभी धरा, समोर दिसणारे पदर खालून वर जाताना उजवीकडे चढत असतील तर साध्या स्क्रूसारखा उजवा पीळ, डावीकडे चढत असतील तर डावा. शेंग उलटी धरली तर उत्तर बदलेल असं वाटतं पण बदलत नाही, करून बघा. पोरांना बरोबर नेलं असेल तर खाली पडलेल्या वीस-तीस शेंगा गोळा करून दोन ढीग करायला सांगा, अर्धा तास शांतता मिळते.

हिवाळा संपत आला की पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि उन्हाळ्यात झुडूप उघडं होतं. ओढ्याकाठी, सावलीत असेल तर पानं जास्त टिकतात, उघड्या उतारावर लवकर जातात, त्यामुळे महिना धरून बसू नका. गंमत म्हणजे ओळखायला सगळ्यात सोपा काळ हाच, कारण काळ्या वाळक्या शेंगा फांदीवर कित्येक महिने लटकून राहतात. पण समजा लहान झुडूप आहे, अजून फळच धरलेलं नाही, मग? मग राखाडी बारीक फांद्या बघा, पानं गळून राहिलेल्या खुणा दोन ओळींत एकाआड एक दिसतात, शेंड्याकडच्या कोवळ्या भागावर ते ताऱ्यासारखे केस अजून असतात, आणि खाली पालापाचोळ्यात त्याच झाडाची पानं पडलेली असतात, वाळलेलं पान तर अजूनच खरखरीत लागतं. या तीन गोष्टी जुळल्या तर मी मुरुडशेंग म्हणून लिहितो, दोनच जुळल्या तर वहीत प्रश्नचिन्ह टाकतो आणि पावसात परत जातो.

पानाला कुणी गुंडाळी करून किंवा घडी घालून ठेवली असेल तर ती उघडू नका. गोल्डन अँगल नावाच्या फुलपाखराची अळी हे झाड खाते आणि पानातच घर करून राहते.

फोटो कुणाला दाखवून ओळख पक्की करायची असेल तर नुसता लांबून पूर्ण झुडपाचा फोटो टाकू नका, त्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, बुडाचा जवळून एक, फांदीवर पानं कशी बसलीत त्याचा एक, आणि फूल असेल तर ते बाजूने, समोरून नाही, म्हणजे ती बाकदार दांडी दिसते. शेजारी पेन नाहीतर नाणं ठेवा मापासाठी. तारीख आणि जागा लिहा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर असे पाच फोटो टाकले की जाणकार लोक उत्तर देतात. अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात असाल तर पान, फांदी, शेंग काहीच तोडायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही, आणि वर सांगितलेलं सगळं न तोडता बघता येतं.

बी लावून बघायचं असेल तर (जंगलातलं नको, बांधावरच्या, आपल्या ओळखीच्या झाडाचं घ्या) नुसतं मातीत टाकून वाट बघत बसू नका, कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर हलकं घासून किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी जे फुगलेले दिसतील ते लावा, न फुगलेले परत घासा.